पाणी आलं की पळायचं

आमच्या दूध संस्थेचे सचिव उत्तरेश्वर यांची समुद्राशी ओळख झाली ती खताच्या दुकानातून घरी आलेल्या कॅलेंडरावरून. सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं. जनावरं छावणीत, संस्थेत थेंबभर दूध नाही. पण पोटनियमाप्रमाणे महिन्याची मीटिंग चालूच. दूध नसल्यामुळे ती उलट लांबायला लागली होती.

कॅलेंडरावर कोकणातल्या दोन कड्यांच्या बेचक्यातला एक किनारा होता. ओहोटीला तिथं चार तास वाळू उघडी पडते, तेवढ्यात लोकांची झुंबड उडते, आणि भरती आली की पाणी थेट कड्याला टेकतं, असं खाली छापलं होतं. उत्तरेश्वरांच्या बायकोनं, भिवराबाईंनी, ते चित्र निरखून पाहिलं. पंचवीस वर्षं ऊस तोडलेली बाई.

"हितं पानी कोन सोडतंय?"

"कुनी न्हाई. आपसूक येतंय. दिवसातून दोनदा."

आमच्याकडं टँकर चौथ्या दिवशी यायचा. भिवराबाईंनी चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मला दाखवा एकदा." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही समुद्र!

उत्तरेश्वरांनी फार मनावर घेतलं. संस्थेला अभ्यास दौरा काढता येतो. विषय ठरला पाणी व्यवस्थापन. ओहोटी पहाटे साडेपाचला आहे, ती सभासदांच्या सोयीसाठी दहाला ठेवावी, अशी उपसूचना मुंजाजी नावाच्या सभासदानं मांडली. तीही मंजूर झाली. संस्थेचा कारकून म्हणून ठराव मीच लिहिला, तेव्हा हसण्याचा मला अधिकार नाही.

अध्यक्ष आप्पाराव मात्र भित्रे. "एक जरी मानूस भरतीत घावलं तर माझी निवडनूक गेली," ते म्हणाले. "आदी तालीम घ्या. समदे पळाले तर बस सुटंल, एक जरी मागं ऱ्हायला तर दौरा रद्द."

तालीम गावच्या कोरड्या पाझर तलावात. सभासदांनी तळाशी पर्यटकांसारखं फिरायचं, आरोळी ऐकली की बांधावर पळायचं. उत्तरेश्वर बांधावर उभे राहिले आणि ओरडले, "पानी आलं! पळा!"

लोक पळाले की! बांध चढून थेट घरी, आणि घागरी घेऊन परत तलावात. सभासद नसलेल्या बायकाही आल्या. रांग लागली, रांगेत भांडण लागलं. मी बादली घेऊन सातवा होतो, खरं तेच सांगतो. आमच्या गावात 'पानी आलं' या दोन शब्दांना कितीतरी वर्षांपासून एकच दिशा ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी घागरींना बंदी केली. लोकांनी रांगेत नंबराला चपला आणि दगड ठेवले.

उत्तरेश्वरांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते जेवलेही नाहीत धड. मग त्यांना सुचलं. तिसऱ्या तालमीला ते ओरडले, "आग्या मोहोळ उठलं!" अर्ध्या मिनिटात गाव डोक्याला टॉवेल आणि पदर गुंडाळून बांधावर. आप्पाराव सगळ्यांच्या पुढं.

तळाशी एकट्या भिवराबाई बसून होत्या, भेगाळलेल्या गाळावर, शेजारी बंदी मोडून आणलेली घागर.

"अगं ऊठ! बस रद्द व्हईल!" उत्तरेश्वरांचा आवाज रडवेला झाला होता.

"कावून उठू? मोहोळ न्हाई, पानी येनार हाय, ठावं हाय मला. जलमभर मी पान्याच्या मागं पळाले. एकदा ते माझ्याकडं येतंय, अन् मी पाठ दावू व्हय?"

मग बांधावरच्या बायकांतल्या साखराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या खाली उतरून भिवराबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. पाठोपाठ आणखी चौघी. आप्पारावांनी मोजलं, सगळ्या मतदार होत्या.

"लिव्ह," ते मला म्हणाले. मी लिहिलं: तालीम यशस्वी. भिवराबाईंना भरतीतून ओढून काढण्याची जबाबदारी सचिवांची. सर्वानुमते मंजूर.

उत्तरेश्वरांनी सही केली आणि खाली जाऊन बायकोच्या जवळ टेकले. मी सहीचं पुस्तक परत घ्यायला गेलो, म्हणून मला ऐकू आलं.

"एक सांगायचं ऱ्हायलं," ते चोरट्या आवाजात म्हणाले. "ते पानी खारं असतंय गं. पिता येत न्हाई."

भिवराबाईंनी घागर मांडीवर घेतली.

"असू द्या की," त्या म्हणाल्या. "आपल्या पायानं येतंय न्हवं?"