बगरूचा रंगारी आणि दाजींचं पहिलं पान

महिना होत आला, तरी मला एका जागी बसवत नाही. भर दुपारी बँकेत ताईचा फोन आला, "अरे शिरीष, तुझे दाजी उठतच नाहीयेत..." आणि मी शास्त्री नगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दाजी साताऱ्याहून जयपूरला आले ते इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्ट-लंग मशीन चालवायला. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवलं की तेवढा वेळ अंगातलं रक्त हे यंत्र फिरवतं. तिथे सगळे त्याला नुसतं 'पंप' म्हणत, म्हणून दाजी झाले 'पंपवाले भैया'. शेजारी तर पाण्याची मोटर बिघडली की हक्कानं बोलावून न्यायचे, आणि हे जायचेही!

नवं शतक उजाडलं आणि रुग्णालयाच्या हृदय विभागाला आपला इतिहास छापायची हौस आली. निवृत्त झालेल्या दाजींकडे पहिल्या ओपन हार्टची आठवण मागितली. सगळ्यांच्या लेखी 'पहिली' म्हणजे बरी होऊन चालत घरी गेलेली एक मुलगी. दाजींनी लिहिली तिच्याही आधीची. जयपूरजवळच्या बगरू गावचा एक रंगारी, जन्मभर निळीच्या हौदात हात घातलेला. "नखं निळी पडली की आम्ही घाबरतो, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून," दाजी सांगत होते. "याची तर आधीपासूनच निळी. मी स्पिरिटनं घासून बघितली... तो हसला. म्हणाला, 'बाबूजी, यो रंग कोनी उतरै.' म्हणजे हा रंग उतरायचा नाही." तो रंगारी टेबलावरच गेला.

विभागानं कळवलं, हे वगळा, यशस्वी झालेली लिहा. दाजी हट्टाला पेटले. घरभर येरझाऱ्या. "त्याच्यावर शिकलो रे आम्ही! ती पोरगी वाचली ती त्याच्यामुळं. मग पहिला कोण?" मी टीव्हीवर मॅच बघत होतो. म्हणालो, "दाजी, शुभ बोल नाऱ्या! बारशाला कुणी श्राद्धाचं जेवण वाढतं का?" ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग त्यांनी मला त्या माणसाचं नाव सांगितलं, त्याची गल्ली सांगितली, लक्षात ठेव म्हणाले. मी हो हो केलं. लेख त्यांनी दिलाच नाही, कागदही फाडून टाकले.

स्मरणिका आली ती त्यांच्या तेराव्यानंतर. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर ती मुलगी. रंगारी नाही, आणि दाजीही नाहीत. मला राग आला, विभागाचा थोडा, माझा फार. ठरवलं, निदान हा लेख तरी त्या नावानं सुरू करायचा... आणि नाव काही केल्या आठवेना! दोन रविवार बगरूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ज्याला विचारावं तो म्हणे, "कौन-सा रंगरेज, भाईसाहब? यहाँ तो सबके हाथ नीले हैं."

काल शेवटी ताईला विचारलं.

"मला कुठं सांगितलं त्यांनी? म्हणाले, शिरीषला सांगून ठेवलंय, आता काळजी नाही."