आबांचे उपास आणि डॉक्टरबाईंनी सोडवलेली मूठ

वसुधाताई डॉक्टरांना साठ वर्षं पुरी झाली, त्यांच्या गौरवाच्या पुस्तकासाठी चार ओळी लिहा असं पुण्याची माणसं म्हणाली, तवापासून मी हरखून गेलेय. चौथी शिकलेली बाई मी, आन् पुस्तकात नाव येणार! असो.

पहिली ओळख आमच्या गावच्या, हिर्डोशीच्या देवळातली. बाई पुण्यात बारीक रक्तवाहिन्यांवर संशोधन करतात आणि म्हैन्यातून एकदा आमच्या देवळात आजारी माणसं तपासायला येतात. आमच्या मालकांची, घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात, चढणीला छाती भरायची. बाईंनी गोळी दिली. छाती हलकी झाली, पण डोकं ठणकू लागलं. आबांनी तक्रार केली न्हाई, उपास धरले. सोमवार, मंगळवार, शनिवार. उपासाला गोळी चालत न्हाई म्हणे. साबुदाण्याची खिचडी मात्र ताटभर चालायची! मग एका शनिवारी भाताच्या खाचराच्या बांधावर छाती आवळून खाली बसले.

कळल्यावर बाई आल्या. एसटी बंद, शेवटचा चढ चालत.

"आबा, गोळी का सोडलीत?"

"उपास हाय."

"मारुतीला विचारून आलेय मी. चालते म्हणाला."

"तुमच्याशी बोलतो व्हय? आमच्याशी तर कधी बोलला न्हाई!"

बाई हसल्या. मग त्यांनी आबांना मूठ आवळायला लावली. "बारीक शिरेच्या भिंतीतलं मांस असं आवळलं, की रक्ताची वाट अरुंद होते. त्या मांसाला बारीक दारं असतात. गोळी ती उघडते. पोटॅशियम बाहेर जातं, मग मांस आवळणाऱ्या कॅल्शियमला आत येता येत नाही, आणि मूठ सुटते." एकेक बोट त्यांनी हळूच उलगडलं. "डोक्यातल्या शिराही सैल होतात, म्हणून सुरुवातीला ठणकतं. मी हे आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

एवढ्या शिकलेल्या बाई, पण चुकलं म्हणाल्या. खोटी आशाही दिली न्हाई. शिरा सैल करता येतात, पण त्या शनिवारच्या झटक्यात हृदयाचा जो भाग मेला तो परत येत न्हाई, हे त्यांनी मला चुलीपाशी बसून सांगितलं.

तवापासून आबा ओटीवरच. यंदा खाचरं दुसऱ्यानं लावली, हे नुसते बघत बसले. गोळी चुकत न्हाई, तरी आता दम लागतो. द्यायला नवं औषध उरलं न्हाई, तरी बाई येतात. आबांचा हात धरून भाताचं विचारतात.

हे लिहिलेलं आबांना वाचून दाखवणार न्हाई मी. त्यांचं किती राहिलंय, ते बाई जाणतात आणि मी जाणते. बाई, तुमाला लई मोठं आयुष्य मिळू दे, चढ चढायला गुडघे धड राहू देत. आबांच्या मागंही येत जा. माझ्याकडं तपासायजोगं काही नसलं, तरी या.