घोडीचे जांभळे बूट

किहीमच्या किनाऱ्यावर मी बारा वर्षं घोडा फिरवतोय. मागच्या हिवाळ्यात, वाडी घेऊन बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका साहेबांनी हौसेनं घोडी आणली आणि तिच्या चारही पायांना जांभळे बूट चढवले. धावताना मागचा खूर पुढच्या पायाला लागू नये म्हणून असे बूट बांधतात, एवढं मलाही कळतं. साहेबांना मात्र त्यांचा रंग खोगिराखालच्या कापडाशी जुळल्याचंच कौतुक. घोडी वरातीला निघाल्यासारखी दिसायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समुद्रात गुडघाभर पाण्यात घातली आणि मग ओल्या वाळूतून दौडवली. मी म्हटलं, "साहेब, बुटांत वाळू गेली असेल. आता काढा, गोड्या पाण्यानं पाय धुवा आणि हातानं चोळून सुकवा."

"अरे, इम्पोर्टेड आहेत," साहेब हसले. "तुझ्या घोड्याला तर काहीच नाही!"

फोटो काढायचे होते, म्हणून बूट संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. रोज तेच.

आठव्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. घोडी लंगडत होती. मी बूट सोडले, तर आतल्या वाळूनं कानशीसारखं काम केलेलं. केस गेले होते, कातडी सोलून लाल झाली होती.

"कंपनीनं फसवलं," साहेब म्हणाले.

घोडीवरून उतरला की हाच माणूस रोज आधी कट्ट्यावर बसायचा, स्वतःचे बूट काढायचा आणि उलटे करून झटकायचा. वाळू टोचते, म्हणायचा.