'नो सर'ची तालीम

मी बारामतीच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी ग्रँट या शब्दाशी माझा संबंध एवढाच, की ती वेळेवर आली की पगार वेळेवर व्हायचा. त्यामुळं माझी एक जुनी विद्यार्थिनी संशोधनाच्या सरकारी योजनेचा जाडजूड फॉर्म घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यातलं इंग्रजी शिकवा," तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "ये, बस." पहिल्याच पानावर माझा तोरा उतरला. 'ओव्हरहेड' म्हणजे संस्था वीज, जागा, ऑफिस यांच्यापोटी कापून घेते ते. आणि 'प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर' म्हणजे कुणी फौजदार नव्हे, तर मुख्य संशोधक, म्हणजे माझ्यासमोर मांडी घालून बसलेली ही जवळच्या कळंब गावची पोरगी!

तिचा विषय माती. उसाला पाणी देऊन देऊन आमच्या भागातल्या कितीतरी जमिनी खारवटल्यात; वर पांढरं मीठ फुटतं आणि पीक धरत नाही. कुठली जमीन कशानं सुधारेल, हे तिला कन्हेरीपासून कळंबपर्यंतची शेतं तपासून शोधायचं होतं. योजनेच्या वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. मंजुरी मिळाली नाही तर संशोधन सोडून खत कंपनीत विक्रीची नोकरी धरायची, असं घरी ठरून गेलं होतं. ती हे हसत सांगायची, पण सांगताना फॉर्मचा कोपरा चुरगाळायची.

मग रोज सकाळी आमची शिकवणी सुरू झाली. मी डिक्शनरी घेऊन बसायची, ती चहा टाकायची. 'पीअर रिव्ह्यू' म्हणजे आपला प्रस्ताव त्याच विषयातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासायचा, हे मी समजावलं तर म्हणते, "म्हंजी भावकीनंच आपल्या बांधाची मोजणी करायची की!" मी इतकी हसले की चहा साडीवर सांडला. 'युटिलायझेशन सर्टिफिकेट' हा शब्द मात्र तिनं मलाच शिकवला: पैसे ज्यासाठी घेतले त्यालाच लावले, असं लिहून देणं.

शब्द पाठ झाले, तेव्हा मुलाखतीच्या सरावासाठी मी निवड समितीची अध्यक्ष झाले. चष्मा नाकावर ओढून इंग्रजीत विचारलं, "हे याहून कमी पैशांत भागेल का?"

"यस मॅडम, नो प्रॉब्लेम."

"आणि मातीचे नमुने गोळा करायला धरलेला हा मदतनीस काढून टाकला तर?"

"चालतंय की!"

माझं डोकंच फिरलं. "अगं, काय चालतंय? कशाला लिहिलायस मग तो मदतनीस, शोभेला?"

"थोरामोठ्यांनी विचारल्यावर न्हाय कसं म्हणायचं, बाई?"

तिचंही खरं होतं. आमच्याकडं पाहुणा पोटात भूक असली तरी ताटावर हात आडवा धरतो, पुरे पुरे म्हणतो आणि यजमान तरी वाढतोच. मी ओरडले, "ती समिती आग्रह करत नसते! तू पुरे म्हणालीस की ताट उचलतील आणि पुढच्याला हाक मारतील." त्यानंतर आठ दिवस मी तिच्याकडून एवढंच घोटून घेतलं: आधी 'नो सर', मग कारण. फॉर्मात त्या कारणाला 'जस्टिफिकेशन' म्हणतात.

मुलाखत ऑनलाइन होती. कळंबला नेटचा भरवसा नाही, म्हणून ती माझ्या घरी आली. मी लॅपटॉपच्या मागं, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. सगळं छान चाललं होतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "काम चांगलं आहे. पण हा मदतनीस कशाला? तुम्ही स्वतः नमुने गोळा करू शकाल ना? तेवढं कमी केलं तर आम्हाला मंजुरी देणं सोपं जाईल."

मंजुरी हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीत पुढं सरकले. आता घासाघीस कसली, घे पदरात पाडून, असं वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग नजर स्क्रीनवर वळवली.

"नो सर," ती म्हणाली. पुढचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण थांबली नाही. "कालव्याला पाणी सुटायच्या आधी आठ दिवसांत सगळ्या शेतांतली माती काढावी लागते. पाणी लागलं की मीठ खाली जातं. एकटी मी निम्मी शेतं करीन. मग निम्मं उत्तर मिळेल. ते घेऊन मी शेतकऱ्याला काय सांगू?"

"थँक यू," एवढंच म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

महिनाभर आम्ही दोघींनी त्या विषयाचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी ती चप्पल न काढताच घरात घुसली. मंजूर! मदतनिसासकट मंजूर! मी तिला घट्ट मिठी मारली आणि वर मोठेपणा घेतला, "बघ, सांगितलं होतं ना मी, नाही म्हणायचं म्हणून!"

ती ओशाळून हसली. "बाई, तवा तुमी लॅपटॉपच्या मागनं 'हो म्हण, हो म्हण' अशी मान हलवत होता. दिसलं मला. म्हणून मग मी परत तुमच्याकडं बघितलंच न्हाय."

मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. "बरं केलंस गं," एवढंच म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.