पाकिटं कोणी उघडली

आमच्या ऑफिसातल्या एका माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मी घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. सर्व्हर सांभाळणारी माणसं फार हुशार असतात असं लोकांना वाटतं. कसली हुशारी? यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं आणि शेवटचा हात आपण कशाला लावला होता ते आठवायचं, एवढंच आमचं काम. त्यातलं दुसरं काम मी वेळेवर केलं नाही.

अंधेरीत मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या छोट्या कंपनीचा गाळा आहे. उपनगरातल्या सोनोग्राफी आणि एक्स-रे सेंटरांच्या इमेज आम्ही साठवून ठेवतो. सर्व्हर मी बघायचो, खरेदी आणि जोडणी तो बघायचा. तो घाटकोपरचा, त्याचे वडील जालन्याकडून आलेले. नऊ वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. त्याच्या डब्यातली जवसाची चटणी अर्धी माझ्याच पोटात जायची. ऑफिसात मला ‘अरे’ म्हणणारा तो एकटाच होता, बाकी सगळे ‘सर’ म्हणून लांब राहायचे. माझा स्वभावच तसा आहे, लोक लांबच बरे.

दसऱ्याला तो कधी ऑफिसात नसायचा. दरवर्षी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. त्यामुळे आमच्याकडची यंत्रांची पूजा त्याने नऊ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

त्या वर्षी मालकही कुलदेवीला गेले होते. फोनवर म्हणाले, "पूजा तूच उरकून टाक." निघायच्या आदल्या दिवशी माझा हा मित्र लॅमिंग्टन रोडवरून नव्या सर्व्हरसाठी आठ डिस्क घेऊन आला होता. प्रत्येक डिस्क चंदेरी पाकिटात सीलबंद. त्याने त्या कपाटात ठेवल्या आणि म्हणाला, "मी आलो की लावू रे." मी बरं म्हणालो.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसात मी एकटाच होतो, तेव्हा मी त्या बाहेर काढल्या. बंद पाकिटांची कसली पूजा, म्हणून कात्रीने आठही पाकिटं कापली आणि रिकामी पाकिटं परत कपाटात टाकली. डिस्क पाटावर मांडल्या, कुंकू पाण्यात कालवलं आणि प्रत्येकीला बोट लावलं. माझे वडील परळला मिलमध्ये होते. दसऱ्याला ते साच्याला, म्हणजे मागाला, असंच ओलं कुंकू लावायचे आणि मला कडेवर घेऊन दाखवायचे. साच्याला त्याने काही होत नसे. डिस्क म्हणजे साचा नव्हे, हे मला कळत नव्हतं असं नाही. नवीन माणसाने डिस्कच्या टोकाला नुसता हात लावला तरी मी त्याची खरडपट्टी काढतो. पण पूजेच्या वेळी ते सगळं डोक्यातून गेलं होतं. मला वडील आठवत होते आणि बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची वाट न बघता मी डिस्क फडक्याने पुसल्या आणि सर्व्हरमध्ये बसवल्या. आता त्यांचा पूल बनवायचा होता. म्हणजे आठ डिस्क एकत्र बांधून कॉम्प्युटरला एकच मोठी डिस्क दाखवायची. दोन-चार मिनिटांचं काम. बटण दाबलं आणि चहाला गेलो. परत आलो तर पडद्यावरची पट्टी जिथल्या तिथे. तासाभरानेही तीच गत. नोंदी उघडल्या, तर प्रत्येक ओळीत तेच: डिस्क उत्तर देत नाही, पुन्हा विचारतो. तो सर्व्हर एकच प्रश्न विचारत बसला होता आणि मी त्याला शिव्या देत बसलो होतो.

रीस्टार्ट करून झालं, केबल बदलून झाल्या. मग तो नागपूरहून परतला आणि प्रवासातून आला तसाच माझ्याशेजारी उभा राहिला. "चार-चारचे दोन गट करून बघ ना," त्याने सुचवलं. पहिल्या चार डिस्कचा पूल झटक्यात झाला, दुसऱ्या चारचा अडकला. त्या चारमधून शोधत शोधत आम्ही दोन डिस्कवर आलो. त्या कुठल्याही खणात घाला, रखडणं त्यांच्यामागोमाग जायचं. म्हणजे खण ठीक, केबल ठीक, डिस्कच खराब. तो म्हणाला, "दोन्ही एकदम कशा जातील रे? नव्या कोऱ्या आहेत." मला तेव्हाही काही आठवलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, पण पुढचं सांगताना शपथेचा काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी मालक आले. जुना सर्व्हर काठोकाठ भरला होता आणि मुलुंडच्या सेंटरवरून सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. मी म्हणालो, दोन डिस्क खराब निघाल्या. मालक कपाटापाशी गेले आणि ती चंदेरी पाकिटं घेऊन आले.

"ही पाकिटं कोणी उघडली?"

तो म्हणाला, "सर, मी आणली तेव्हा सील होती."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. लावायला मीच उघडली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण तेव्हा ते सुचलं नाही. पाकिटं मी उघडली म्हटलं की का उघडली ते आलं, आणि पूजेला मांडली म्हटलं की पंधरा वर्षांचा माझा रुबाब गेला.

"मी लावायला घेतली तेव्हा उघडीच होती," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. मी पुढे अजून काही बोलेन, म्हणून तो थांबला होता. मी पडद्याकडे बघत राहिलो. "वापरलेला माल नवा म्हणून आणायला लागलास?" मालक म्हणाले. त्याने दोनदा नाही म्हटलं, आवाज न चढवता. उद्यापासून येऊ नको, असं मालकांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. डबा पिशवीत भरून तो निघाला. त्याचा स्वतःचा स्क्रूड्रायव्हरचा संच टेबलावर राहिला, तेही कोणी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच स्क्रूड्रायव्हरने मी त्या दोन डिस्क चौकटीतून सोडवल्या, दुकानदाराला परत पाठवायला. उजेडात धरल्या आणि दिसलं. जिथे डिस्क सर्व्हरला जोडली जाते तिथल्या खाचेत, पिवळ्या दातांवर, लाल खपली धरली होती. पाटावर कुंकवाचा ओघळ आत गेला होता आणि मी फडकं फिरवलं होतं ते फक्त वरून.

खोडरबराने दात घासले, ब्रशने झाडले, डिस्क परत लावल्या. आठही डिस्कचा पूल दोन मिनिटांत तयार झाला.

मालकांची केबिन दहा पावलांवर होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"झालं?"

"झालं."

"काय होतं?"

"कॉन्टॅक्ट नीट नव्हता. डिस्क चांगल्या आहेत."

माझी समजूत होती की एवढ्यावरून तरी ते त्याला परत बोलावतील. ते म्हणाले, "असू दे. तसाही सणाला कधी नसायचाच तो. आपल्यातला वाटलाच नाही कधी." मी मान हलवली. नुसतं ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं, पण मी मान हलवली. ती मान आठवली की आजही मला स्वतःची किळस येते.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, मी उचलला नाही. नंतर मेसेज आला, "झालं का रे काम?" मी अंगठा पाठवला.

चार महिने गेले. मधे कोणीतरी म्हणालं, तो घरीच आहे, मुलीचा क्लास बंद केलाय. मग एका दुपारी सांताक्रूझच्या एका कंपनीतून फोन आला. बाई अदबीने बोलत होत्या. त्याला कामावर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, फक्त आधीच्या ठिकाणी विचारून घ्यायचं होतं.

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हणालो. "कामाला एकदम पक्का."

"मग का काढलं त्यांना? मालाचं काही प्रकरण होतं असं कानावर आलंय."

माझ्यासमोर काचेपलीकडे मालक बसले होते. दार उघडं होतं. काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, एका वाक्याचंच होतं. मी खुर्ची सरकवली, घसा खाकरला, पाण्याची बाटली उघडली.

"सर, अडचण असेल तर राहू दे," त्या म्हणाल्या. "आम्ही आधी तुमच्या मालकांनाच विचारलं होतं. पण त्यांनीच तुमचा नंबर दिला. म्हणाले, खरं काय झालं ते यांना विचारा, हे सांगतील."

मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

"ठीक आहे, कळलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचा नंबर माझ्या मोबाइलवर होता. मी परत लावला नाही.