सोमवारचं वाक्य

आर्डिस टॉलेफसनबाईंना कोणी काही सांगायला लागलं, की त्यांचं अर्धं लक्ष बातमीकडे आणि अर्धं वाक्याकडे असे. "घराला आग लागली म्हणून ओरडत आलो, तरी ही आधी कर्ता शोधेल," असं त्यांचा नवरा चारचौघांत म्हणायचा. बाईही हसायच्या, कारण ते खरंच होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या दूधधंद्यावर जगणाऱ्या गावात त्या सहावीला इंग्रजी व्याकरण शिकवत. व्याकरणात कोणी एवढं रमू शकतं, हेच गावाला कोडं होतं.

त्यांची एक रीत होती. दर सोमवारी एका मुलानं घरीदारी कानावर पडलेलं एक वाक्य आणायचं, बोलणाऱ्याचं नाव मात्र सांगायचं नाही. मग फळ्यावर आडवी रेघ ओढून सगळा वर्ग त्या वाक्याचा सांगाडा मांडायचा. रेघेवर कर्ता आणि क्रियापद, खाली तिरक्या रेघांवर विशेषणं, आणि दोन वाक्यांना जोडणारं 'पण' किंवा 'कारण' तुटक रेघेवर. पुस्तकातली वाक्यं बाईंना मिळमिळीत लागत. माणसं आपापल्या घरात कशी बोलतात, याचं त्यांना जन्माचं कुतूहल होतं.

त्या सोमवारी जोलीन हाउगेनची पाळी होती. ही पोरगी वर्गात असून नसल्यासारखी. तिनं हळूच वाक्य सांगितलं, "गाई दोहणं एवढंच मला येतं."

मुलांनी रेघेवर छोटा खांब काढला आणि 'गाई दोहणं' त्यावर चढवलं. क्रियेचं नाम झालं की ते असंच मांडायचं असतं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. नाव लपवलं की माणूस लपतो, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. पण आदल्याच आठवड्यात गोठ्यातल्या सगळ्या गाई विकलेलं घर गावात एकच होतं. गावाच्या प्रथेप्रमाणे दर शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणाला जमणाऱ्या मंडळींनी ते वाक्य माशांपेक्षा जास्त चघळलं.

पुढच्या सोमवारी शाळा भरायच्या आधी जोलीनचा बाप, व्हर्लिन हाउगेन, लेकीला घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला.

"बाई, माझ्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणं तुमच्या फळ्यावर कशाला? आजच्या आज हे बंद करा. नाहीतर मी शाळा चालवणाऱ्या बोर्डाकडे जातो."

बोर्डाकडे या रीतीवरून आधीच दोन घरांची कुरबूर गेली होती. तिसरी गेली असती तर सोमवारची रीत कायमची मोडली असती.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा गावात ते मला कळायला हवं होतं. बोर्डाकडे जा, पण काय केलं होतं ते बघून तरी जा."

त्यांनी वाक्य पुन्हा फळ्यावर मांडलं. हाउगेन टोपी हातात घेऊन पुढे आला.

"हे वर का चढवलंय?"

"क्रियेचं नाम झालं की त्याला असा खांब देतात. आणि या वाक्यातलं मुख्यही तेच आहे. पोरांनी मांडलं, तेव्हा कोणीही हसलं नाही."

त्यानं 'गाई दोहणं'खालच्या खांबावरून बोट फिरवलं. मग लेकीकडे वळला. "एवढं बोलतो मी घरात, आणि तुला उचलायला हेच सापडलं का गं?"

"बोलतोस कुठे, डॅडी?" जोलीन बुटांकडे बघत म्हणाली. "गाई गेल्या त्या आठवड्यात तू तेवढंच एक बोललास."

या खेपेला बाईंचं वाक्याकडे लक्षच गेलं नाही. त्यांना गलबलून आलं, आणि हातातला खडू कुठे ठेवावा हेही सुचेना.

हाउगेननं लेकीच्या डोक्यावर आपली टोपी ठेवली. "बोर्डाचं राहू द्या," तो बाईंना म्हणाला. "पण यापुढे ज्याचं वाक्य त्याला आधी विचारायचं." बाईंनी तोच नियम केला, आणि रीत टिकली.

वसंतात जोलीनची पाळी पुन्हा आली. त्या सोमवारी बाईंनी नाव पुकारायच्या आधीच तिचा हात वर होता.

"बाई, वाक्यं डॅडीला विचारून आणलीत," ती म्हणाली. "पण एकच सांगायचं असतं का?"