व्हरांड्यातला दिवा

पोफळीच्या पॉवरहाऊस कॉलनीतलं क्वार्टर सोडलं त्या दिवशी टेम्पो सकाळीच येऊन उभा राहिला होता. सामान चढवून झालं. आईने तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन पुढची सीट धरली. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं; दिनेश, म्हणजे माझा नवरा, दोऱ्या आवळत होता. सगळं आवरलं तरी अप्पा पुन्हा आत गेले. आम्हाला वाटलं, कुलूप लावताहेत. बाहेर आले तेव्हा त्यांच्यामागे व्हरांड्यातला दिवा लागलेला होता. भर उन्हात, मे महिन्यात.

ड्रायव्हर हसला. "काका, लाइट राहिली तुमची."

"राहू दे," अप्पा म्हणाले. "नवीन माणसं संध्याकाळची येणार हायत."

आई नेहमी म्हणायची, येणाऱ्या माणसाला काळोख्या घरात पाय ठेवायला लावू नये. अप्पांची शिफ्ट कुठलीही असो, ते येईपर्यंत तो दिवा चालू असायचा. क्वार्टर सोडताना ती मागे बघत राहिली, वळण येईपर्यंत.

कॉलनीत वाढलेल्या तुम्हा सगळ्यांना विजेचं कौतुक मी काय सांगणार? आपल्याकडे बिल नावापुरतं यायचं. अंघोळीचं पाणी कॉइलवर, दूध हीटरवर, आणि पंखा माणूस खोलीत असो वा नसो. "दिवा बंद कर" असं कुणाची आई कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. अप्पा पॉवरहाऊसला ऑपरेटर. बोगद्यातून डोंगराच्या पोटात जायचे आणि आठ तासांनी बाहेर यायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की ते आत जाऊन एक बटण दाबतात आणि तिकडे मुंबईचे दिवे लागतात. चौथीत मी हे वर्गात सांगितलं होतं. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचे बाप तेच बटण दाबत होते.

परवा आपल्या ग्रुपवर कुणीतरी कॉलनीच्या रस्त्याचा फोटो टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी खाली रडणारे चेहरे टाकलेत. पुण्यातून, सांगलीतून, दुबईतून. मग एकीने विचारलं, "तू सध्या कुठे गं? चिपळूणच्या घरीच ना? अप्पा मजेत?" मी अंगठा टाकून सुटले. अंगठ्यात मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

चिपळूणचं घर अप्पांनी रिटायर झाल्यावर बांधलं. जागा दाखवायला एजंट दोन ठिकाणी घेऊन गेला होता. एक वर, टेकाडावर, आणि दुसरी खाली, वाशिष्ठीपासून हाकेच्या अंतरावर. वरची थोडी महाग होती. पण अप्पांनी खालची घेतली ती पैशांसाठी नाही. आमच्या पॉवरहाऊसमधून सुटलेलं पाणी वाशिष्ठीला जाऊन मिळतं हे तुम्हाला माहीत आहेच. अप्पा त्या रिकाम्या प्लॉटवर उभे राहून नदीकडे बघत म्हणाले, "हे पाणी आपल्या वळखीचं हाय गो. जन्मभर हाताखालनं गेलंय." पोफळीच्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही. चिपळूणच्या एका जुन्या माणसाने त्यांना शहाणपण शिकवलंही होतं, की काका, नदी कुणाची सोयरी नसते. अप्पा त्यावर हसले होते.

रिटायरमेंटचा सगळा पैसा त्यात गेला आणि तरी कमी पडला. साठीच्या माणसाला कर्ज द्यायला बँकेने तोंड वाकडं केलं, तेव्हा कागदावर माझं आणि दिनेशचं नाव लागलं. दिनेशला आईवडील नाहीत, त्यामुळे आम्ही चौघं एकत्रच राहायला लागलो. बाजारात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, चांगलं चाललेलं. हप्ता भरून वर महिन्याला दोनदा सुरमई यायची. तेव्हा ते श्रीमंतीचे दिवस आहेत हे कळलं नाही, आणि कळलं असतं तर मी काय वेगळं करणार होते?

पूर आला तेव्हा पाणी माडीच्या जिन्यापर्यंत चढलं. घर उभं राहिलं, पण आतलं काही राहिलं नाही. दुकानात तर लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटरी होत्या, त्याही चिखलात. दिनेशने ज्याची त्याची मोटर भरून दिली, स्वतःच्या पैशांनी, म्हणजे बँकेच्या. घराच्या कर्जावर टॉप-अप, दुकानावर वेगळं कर्ज. लोक अप्पांना खोदून खोदून विचारायचे, तुमचंच ना हो ते पाणी? अप्पा एवढंच म्हणायचे, "पाऊसच तसा व्हता." त्यानंतर ते नदीच्या बाजूच्या खिडकीत बसले नाहीत. पुढच्या वर्षी आई गेली. दुकान पुन्हा उभं राहिलं नाही ते नाहीच.

मग आम्ही रत्नागिरीला आलो. दुसऱ्या निघण्याला टेम्पोही भरला नाही. दिनेशला एकाच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, जे काम तो स्वतःच्या दुकानात दोन पोरांकडून करून घ्यायचा तेच. मी आंब्याच्या कॅनिंगमध्ये लागले. सीझनला ओव्हरटाइम, एरवी कोकम, लोणची, जे असेल ते पॅकिंग. चिपळूणच्या घरात आता एक मंडपवाला खुर्च्या ठेवतो. त्याचं भाडं हप्त्याच्या पासंगालाही पुरत नाही. विकावं तर पूररेषेतलं घर म्हणून गिऱ्हाईक निम्म्याने मागतं, आणि कर्ज त्याहून मोठं. विकलं तर कर्ज फिटत नाही आणि ठेवलं तर हप्ता झेपत नाही, असा सगळा सासुरवास आहे. तरी ठेवलंय. कारण एकच. अप्पा अधूनमधून म्हणायचे, "मराया तरी आपल्या घरात नेशील ना, बाय?" आणि मी हो म्हणाले होते.

त्या एका "हो"साठी आम्ही काय काय करतो ते सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा, मीही हसते. कॅनिंगमधून आंब्याचे बाठे पोत्यात भरून आणते, वाळवते, आणि वर्षभर अंघोळीचं पाणी त्यावर तापतं. आमच्या अंगाला हापूसच्या धुराचा वास येतो, एवढी चैन कोण करतं! बाजार उठताना बांगडा घ्यायचा, कोळीण वैतागून देते तेव्हा. एरवी कुळथाची पिठी, इतकी की दिनेश म्हणतो आता घोड्यासारखं पळता यायला हवं. रिचार्ज एकाच फोनला. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, आजारी आहे म्हणून कळवायचं. नातेवाइकांत माझ्या तब्येतीची फार काळजी आहे. आम्हाला मूलबाळ नाही. पूर्वी त्याचं वाईट वाटायचं. आता हप्त्याच्या तारखेला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून मग जास्त वाईट वाटतं.

आणि वीज. दोन खोल्या, दोन दिवे, एका वेळी एकच लावायचा हा नियम मी घातला. मी, पोफळीची मुलगी. एलईडीला काय खर्च येतो हे मला कळतं हो. पण ज्याला मोठं काही वाचवता येत नाही तो बारीक वाचवत बसतो, निदान काहीतरी करतोय असं वाटायला.

अप्पांनी तो नियम माझ्याहून कडक पाळला. मी कामावरून यायचे तेव्हा ते खुर्चीत काळोखात बसलेले असायचे. "अप्पा, दिवा तरी लावायचा," म्हटलं की म्हणायचे, "मला एकट्याला काय करायचाय? मी काय पुस्तक वाचतंय?" पेपर बंद केला, म्हणाले, शेजारी टीव्हीवर ऐकू येतं सगळं. पंखा तर त्यांनी इथे आल्यापासून कधी लावला नाही. चहा घेताना कप टेबलाच्या कडेला आपटायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मी दिनेशला म्हणाले, अप्पा थकले रे. आणि खरं सांगते, मनातून मला त्यांचा अभिमान वाटायचा. बघा, ज्या माणसाने जन्मभर उजेड केला तो मुलीसाठी काळोखात बसतो. शेजारणींना मी कौतुकाने सांगतसुद्धा होते.

गेल्या वर्षी कॅनिंग संपलं त्या दिवशी पैसे थोडे जास्त हातात आले. मी ताजे बांगडे घेतले, उजाडल्यासारखे चकचकीत, आणि लवकर घरी आले. म्हटलं आज नियम गेला खड्ड्यात. दोन्ही खोल्यांतले दिवे लावले आणि अप्पांच्या समोरच विळी घेऊन बसले. किती वेळ मी बडबडत होते. ते ऐकत होते, हसत होते. मग हळूच, लाजल्यासारखे म्हणाले, "बाय, आज मासे करतंस, तर आता दिवा लाव की. आजचा दिवस चालेल."

मी वर बघितलं. दिवा त्यांच्या डोक्यावर होता.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्यात थोडं राहिलेलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जमेल तितकी राखायची, त्यासाठी रोज थेंब. त्यांनी अप्पांना विचारलं, आजोबा, कसं दिसायचं? अप्पा म्हणाले, "बोगद्यातनं बघितल्यासारखं. पल्याडचं तोंड आपलं ल्हान ल्हान व्हत गेलं." कधीपासून, तर दीड-दोन वर्षं झाली असतील. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे.

रिक्षा परवडत नव्हती, पण केली. बसल्या बसल्या मी विचारलं, "सांगितलं का नाहीत, अप्पा? का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं गो? तुझा हप्ता चुकला असता."

तेवढंच म्हणाले. त्यांच्यासाठी ठेवलेलं घर त्यांना कधीच दिसणार नाही, हे मला त्या रिक्षात कळलं. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. तरी हप्ता जातोच आहे. थांबवला तर बँक घर घेईल आणि उरलेलं कर्ज आमच्या मानेवर राहील. आणि मी त्यांना दिलेला शब्द आहे, त्याला आता अर्थ काय ते मला विचारू नका.

उरलेली नजरही या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून अप्पांनी एक नवीन काम अंगावर घेतलं. समोरच्या मशिदीत संध्याकाळची बांग झाली की ते उठतात, भिंत चाचपत जातात आणि दिवा लावतात. आपल्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी वळणावर आले की आमची खिडकी उजळलेली दिसते. दारात पाऊल टाकलं की विचारतात, "उजेड दिसला ना?" मी म्हणते, "कोपऱ्यापासनं दिसला." मग ते म्हणतात, "आता बंद कर हवा तर. तू आलीस." कितीही थकलेली असू दे, या एवढ्यासाठी मी पाय उचलत यायचे. तुम्ही घर घर म्हणता तसं काही आता माझ्याकडे असेल तर ते एवढंच होतं.

मागच्या आठवड्यात दुपारी शेजारच्या वहिनींचा कामावर फोन आला. वीजवाले येऊन खांबावरची वायर सोडवून गेले. दोन बिलं थकली होती. थेंब, हप्ता आणि बिल यांतलं एक दर महिन्याला राहतंच, आणि या वेळी बिल राहिलं होतं. "अप्पांना सांगू नका," मी म्हणाले. सुपरवायझरकडे उचल मागितली. उद्या बघू म्हणाला.

वळणावर आले. सगळ्यांच्या खिडक्या उजळलेल्या होत्या आणि मधली आमची काळी. रस्त्यात उभी राहून मी रडले. चिपळूण सोडताना रडले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याने बघितलं असेल तर बघितलं. मग तोंड पुसून आत गेले.

अप्पा खुर्चीत होते, बटणाच्या जवळ. स्वच्छ शर्ट घातलेला, हात गुडघ्यांवर. जन्मभर मशीनच्या घरघरीत उभा राहिलेला माणूस. वीज नसलेल्या घराची शांतता त्यांना कळली होती की नाही, मला माहीत नाही. मला जाणून घ्यायचं नाही.

"आलीस, बाय?" ते म्हणाले. "उजेड दिसला ना?"

"दिसला, अप्पा. कोपऱ्यापासनं दिसला."

"मग बंद कर आता."

मी काळोखात भिंत चाचपत गेले आणि बटण बंद केलं.